डोंगल आधी पर्समध्ये घाल

पत्र थोडक्यात: माण तालुक्यातलं दीड हजार वस्तीचं गाव. पत्र लिहिणारी तिथली सून, वय २९, एमए आणि सेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) झालेली. डिसेंबर २०२२ च्या निवडणुकीत सरपंचपद महिलांसाठी राखीव निघालं, घरच्यांनी उभं केलं, थेट जनतेतून निवडून आली. ऑगस्ट २०२३ मध्ये शिवाजी विद्यापीठात अर्थशास्त्रात पीएचडीला प्रवेश मिळाला, विषय महिला बचत गटांची कर्जं आणि परतफेड. कोर्सवर्क झालं आणि तिथंच गाडी अडकली. मुलगा पाच वर्षांचा, मिस्टर शिरवळला कंपनीत, शनिवार-रविवारी घरी. गाईड म्हणतात, एक तर राजकारण करा नाहीतर संशोधन. धाकटे दीर म्हणतात, "वहिनी, तुम्ही शिका, पंचायतीचं मी बघतो, तुम्ही फक्त सही करा." गावात बोलतात की सरपंचबाई गावात कमी आन् कोल्हापुरात जास्त. तिचा प्रश्न: राजीनामा देऊ, दिरांवर सोपवू की पीएचडी सोडू? शेवटची ओळ: "ताई, दोन्हीकडं मी अर्धवटच आहे."

तुला अगं-तुगं करते, राग मानू नकोस. सरपंचाला अहोजाहो करायला पाहिजे हे कळतंय, पण माझी धाकटी लेक तुझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी आहे, त्यामुळं जीभ वळत नाही.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्या दोन वेळेला मलाही वाटलं की हा वेळेचा प्रश्न आहे, दिवसाचे तास चोवीसच, त्यात गाव, पोरगं, गाईड सगळं बसवायचंय. तिसऱ्या वेळेला मधल्या पानावरचं एक वाक्य अडकलं. तू ते जाता जाता लिहिलंयस: "माझा डोंगल ऑपरेटरकडंच असतो, त्याला चिकटपट्टी लावून वर पिन लिहिलाय म्हणजे मला सारखं जायला लागत नाही."

ज्यांना पंचायतीचा कारभार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. केंद्राच्या वित्त आयोगाचा पैसा ग्रामपंचायतीला येतो तो खर्च करताना आता चेकवर सही करत नाहीत, ऑनलाईन पेमेंट होतं आणि त्याला दोन डिजिटल सह्या लागतात, एक ग्रामसेवकाची (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं) आणि एक सरपंचाची. ती सही म्हणजे पेनड्राईव्हसारखा दिसणारा तो डोंगल आणि त्याचा पिन. म्हणजे डोंगल आणि पिन ज्याच्या हातात, तो सरपंच. बाकी बोर्डावर नाव कुणाचं का असंना.

तेव्हा तू मला विचारतेस "दिरांवर सोपवू का", पण बाई, अर्धं तर सोपवून झालंय. आणि तेही दिरांवर नाही, पंचायतीच्या कॉम्प्युटर ऑपरेटरच्या ड्रॉवरवर. उद्या एखादं बिल दोनदा निघालं, ऑडिटला आक्षेप आला, वसुली लागली तर कागदावर नाव तुझं असणार. तिथं "मी तेव्हा कोल्हापूरला होते, सेमिनार होता" हे कुणी ऐकून घेत नाही.

मला यात सगळ्यात जास्त काय लागलं सांगू? तू बचत गटांवर अभ्यास करतेस, म्हणजे म्हसवडच्या माणदेशी महिला बँकेची गोष्ट तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. १९९७ ला ती बँक उभी राहिली, पण त्याआधी रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज परत केलेला, कारण अर्ज करणाऱ्या बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या बायका शिकल्या आणि परत गेल्या. तुझ्याच तालुक्यातल्या बायकांनी सहीपर्यंत यायला एवढी खटपट केली आणि तू एमए, सेट होऊन आपली सही चिकटपट्टी लावून दुसऱ्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवलीस. बोलले जरा जास्त, पण राहवलं नाही.

आता वेळेकडं येऊ. तू एका आठवड्याचा हिशोब लिहून पाठवलास हे फार चांगलं केलंस, बहुतेक लोक नुसतं "वेळच मिळत नाही" लिहितात. सोमवारी दहिवडीला पंचायत समितीत, टँकरची खेप वाढवून मागायला. मंगळवारी वरच्या आळीत दहावा. बुधवारी बांधावरचं भांडण, दोन तास. गुरुवारी शाळेत एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं वह्यावाटप. शुक्रवारी जलजीवनच्या पाइपलाइनवर ठेकेदाराची वाट बघत साडेबारा ते चार. शनिवारी दोन लग्नं, एक म्हसवडला एक फलटणला. रविवारी आरोग्य शिबिराची फीत कापली.

मी पेन्सिल घेऊन बसले. टँकर आणि पाइपलाइन ही सरपंचाची कामं. आणि पाइपलाइनवर सुद्धा साडेतीन तास उन्हात उभं राहणं हे काम नव्हे, पाणीपुरवठा समितीचा एखादा सदस्य थांबला असता आणि तू ठेकेदाराला तारीख घालून पत्र दिलं असतंस, एक प्रत पंचायत समितीला, तर जास्त फरक पडला असता (तोंडी बोललेलं ठेकेदाराला ऐकू येत नाही, आवक-जावक नंबर पडला की येतं). बांधाच्या भांडणाला गावात तंटामुक्त समिती आहे, २००७ पासून आहे, ती नुसती जेवणावळीपुरती उरली असेल तर तिला जागं कर. वह्यावाटपाला तू नसतीस तर वह्या वाटायच्या थांबल्या असत्या का?

दहाव्याला जाऊ नकोस असं मी सांगणार नाही. गावात राहायचंय, आणि मयताला पोचलं नाही ते लोक मत देतानाच नाही तर मरेपर्यंत लक्षात ठेवतात. जा, पंधरा मिनिटं बस, ये. पण लग्नं! शनिवारी मिस्टर घरी असतात असं तूच लिहिलंस, मग फलटणच्या लग्नाला ते का गेले नाहीत? अक्षता टाकायला सरपंचाचा नवरा चालतो, सभेत बसायला चालत नाही. आपल्याकडं लोक नेमकं उलटं करतात.

तुझ्या सगळ्या पत्राच्या तळाशी एक समजूत आहे, की सरपंच म्हणजे गावात कायम दिसायला पाहिजे. ही समजूत तुझी एकटीची नाही, गावाचीही आहे, पण ती आली कुठनं ते बघ. कायद्यात बघायला गेलीस, म्हणजे १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम, तर सरपंचानं दर महिन्याला सभा लावायची, वर्षात चार ग्रामसभा घ्यायच्या, ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची, ठराव झालेत त्यांची अंमलबजावणी करायची, खर्चावर सही आणि कारभारावर नजर. यातली मासिक सभा मात्र चुकवायची नाही हां, सबळ कारण नसताना सभा लावल्या नाहीत तर त्याच कारणानं पद जातं आणि विरोधक डोळ्यात तेल घालून तेच बघत असतात. बाकी गैरहजेरीचा नियम तर तुला वाचून हसू येईल: रजा न घेता सलग चार महिन्यांहून जास्त गावाबाहेर राहिलीस किंवा सलग सहा महिने सभेलाच गेली नाहीस तर पद रिकामं होतं. तू महिन्यातनं चार दिवस कोल्हापूरला जातेस. कायद्याला त्याचं काही नाही, पारावरच्या लोकांना आहे.

आणि पारावरच्यांचं म्हणशील तर शेजारच्या गावचा सरपंच आठव कुठलाही. त्याची पोल्ट्री असते, जेसीबी असतो, कुणाची दूध डेअरी. सकाळी अकरापर्यंत तो स्वतःच्या धंद्यात असतो, दुपारी झोपतो, त्याला कुणी "अर्धवट" म्हणतं का? त्याचा जेसीबी चालतो तर तुझी पीएचडी का चालत नाही? वर मानधन बघ, २०२४ ला सरकारनं दुप्पट केलं तरी तुमच्यासारख्या दोन हजारांच्या आतल्या गावाला ते महिना ६ हजार झालं. सहा हजारात चोवीस तास बांधलेली नाहीस तू. (त्यातनं कोल्हापूरचं भाडं निघेल, एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहेच.)

पण गावाची तक्रार अगदीच खोटी आहे असं मला वाटत नाही. तू नेमकी कधी असतेस ते त्यांना कळत नाही, ही खरी तक्रार. माणूस उन्हातनं दाखल्यासाठी येतो, कळतं बाई कोल्हापूरला. दोनदा असं झालं की तो म्हणणारच, कायम कोल्हापूरलाच असतात. तलाठी भाऊसाहेब आठवड्यातनं दोनच दिवस येतात पण ते दोन दिवस गावाला पाठ असतात म्हणून कुणी बोलत नाही. तेव्हा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूनं लिही: सरपंच मंगळवार, शुक्रवार सकाळी दहा ते एक कार्यालयात. त्याखाली: दुसऱ्या व चौथ्या बुधवार-गुरुवारी बाहेरगावी, उपसरपंचांना भेटावे. आणि लिहिलंय तसं वाग, मंगळवारी काही झालं तरी खुर्चीत बस. पहिले दोन महिने लोक रात्री आठला घरीच येतील, भाकरी थापताना येतील, त्यांना चहा दे आणि सांग, काका, उद्या मंगळवार आहे, दहाला या, कागद घेऊन या. तिसऱ्या महिन्यात सवय होते.

उपसरपंच हे नाव मी मुद्दाम घेतलं. तुझ्या पत्रात दीर चार वेळा आलेत, उपसरपंच एकदाही नाही. अगं, तू नसताना काम बघायला कायद्यानं एक माणूस दिलाय ना, निवडून आलेला. तो विरोधी गटाचा असेल, भावकीतला नसेल, म्हणून घरच्यांना तो चालत नसेल, ते मी समजू शकते. पण त्यानं काही चूक केली तर त्याची जबाबदारी त्याच्यावर येते. दिराला कायद्यात जागाच नाही, त्यामुळं त्यांची प्रत्येक चूक तुझ्या नावावर जमा होते.

मी स्वतः वाळवा तालुक्यात ग्रामपंचायत सदस्य होते, १९९७ ला, बायकांना तेहतीस टक्के होते तेव्हाची गोष्ट. आता २०११ पासून पन्नास टक्के झालेत, पण त्या वेळी सगळ्या सभेत आम्ही तिघीच, पदर सावरत भिंतीकडच्या बाकावर. मी बाहेरून एमए करत होते, मराठी, दुसरं वर्ष. एका पेपरच्या दिवशीच उपसरपंचाची निवड लागली. पेपर सकाळी अकराला सांगलीत आणि निवडही अकराला. गटाचे लोक आदल्या रात्री घरी आले, तुमच्या एका मतावर सगळं आहे म्हणाले, सासऱ्यांनी त्यांच्यासमोर माझ्याकडं बघितलं. मी पेपर सोडला. सकाळी पंचायतीत गेले तर एकच अर्ज आलेला, निवड बिनविरोध. हात वर करायचीसुद्धा गरज पडली नाही. पेढा खाऊन अकरा वाजून वीस मिनिटांनी मी घरी परत, आणि एमए काही पुढं झालं नाही. कुणी जबरदस्ती केली असं म्हणता येत नाही, मीच मानलं की माझ्यावाचून अडलंय. तुझं पत्र वाचताना तो पेढा आठवला.

आता तुझी दुसरी समजूत, की दोन्ही एकाच वेळेला पूर्ण व्हायला पाहिजे. एक कागद घे आणि त्यावर तारखा लिही. तुझी मुदत पहिल्या सभेपासून पाच वर्षं, म्हणजे जानेवारी २०२८ च्या आसपास संपते. पीएचडीचा यूजीसीचा २०२२ चा नियम: कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा. तुझा प्रवेश ऑगस्ट २०२३, म्हणजे ऑगस्ट २०२९ पर्यंत तुला साधी मुदत आहे. पद संपल्यावर दीड वर्ष नुसतं शिल्लक राहतं, तेही मुदतवाढ न मागता. त्याच्यापुढं पुनर्नोंदणी करून दोन वर्षं आणि बायकांना आणखी दोन वर्षांची सवलत नियमात आहे, शिवाय बाळंतपण आणि मुलाच्या संगोपनासाठी मिळून २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. ती सवलत आत्तापासून डोक्यात धरू नकोस, नाहीतर २०३३ उजाडेल. पण "आत्ताच एक सोडायला पाहिजे" असं जे तुला वाटतंय ते या तारखांत कुठं दिसत नाही.

म्हणजे प्रबंध लिहायचं काम २०२८ ला ठेव. आत्ता दीड-दोन प्रकरणं लिहून काढायचा हट्ट सोड, रात्री अकरानंतर लिहिलेलं पान तू सकाळी स्वतःच खोडतेस असं लिहिलंयस. आत्ता जे पदावर असताना जमतं ते कर: वाचन आणि माहिती गोळा करणं. वाचायला दर वेळेला विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात जायची गरज नाही, शोधगंगा या वेबसाईटवर आधीचे प्रबंध घरबसल्या मिळतात, मोबाईलवर पीडीएफ उघडून टँकरच्या फायलीची वाट बघत पंचायत समितीच्या बाकावर पण वाचता येतं. त्या बाकावर तसाही आपला जन्म जातो.

माहिती गोळा करण्याबद्दल एक मात्र गंभीरपणे सांगायचंय, कारण तू लिहिलंयस की वेळ वाचावा म्हणून आपल्याच गावातले नऊ गट अभ्यासाला घेणार. ते करू नकोस. तू प्रश्नावली घेऊन एखाद्या बाईच्या ओट्यावर बसलीस तर तिला समोर अभ्यासक दिसणार नाही, सरपंच दिसणार. घरकुलाच्या यादीत नाव असलेली बाई तुला सांगेल का, की गटाचं कर्ज नवऱ्यानं मोटरसायकलला वापरलं? ती म्हणेल सगळं झ्याक हाय, हप्ते वेळेवर हायत. आणि ज्या बाईनं मागल्या निवडणुकीत तुझ्या विरोधात काम केलं ती दारच उघडणार नाही. तुझी आकडेवारी दोन्ही बाजूंनी वाकडी होणार. खटावमधली गावं घे, नाहीतर जतकडं जा, तिथं तू फक्त कोल्हापूरची विद्यार्थिनी. स्वतःच्या गावात वेगळं काम कर, रोज रात्री दहा ओळी, तारीख घालून: आज कुठल्या गटाचा अर्ज आला, बँकेनं काय म्हणून परत केला. खुर्चीत बसलेल्या बाईला जे दिसतं ते बाहेरून आलेल्या संशोधकाला पाच वर्षं फिरून दिसत नाही. मात्र ती वही पुढं प्रबंधात वापरणार असशील तर गाईडला आधी विचार आणि मी त्या काळात सरपंच होते हे प्रबंधात स्पष्ट लिही, लपवलेलं नंतर तोंडी परीक्षेला बाहेर येतं.

गाईडचं. "राजकारण करा नाहीतर संशोधन" हे वाक्य तुला लागलंय, पण मला ते रागाचं कमी आणि काळजीचं जास्त वाटलं. दर सहा महिन्यांनी सल्लागार समितीपुढं प्रगती मांडायची असते, तुझं ते दोन वेळेला राहून गेलं, त्यांना तिथं उत्तर द्यावं लागलं असणार. तू त्यांना काय सांगतेस? गावात टँकरचा प्रॉब्लेम होता सर. त्यांना तुझा टँकर नको आहे, तारीख पाहिजे. पुढच्या भेटीला एक पान टाईप करून ने: या सहा महिन्यांत एवढी गावं, एवढ्या मुलाखती, महिन्यातले हे चार दिवस मी विद्यापीठात आणि २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरच्या आसपास ग्रामसभा असतात तेव्हा मी येणार नाही. आणि त्यांना मान राखून एक विचार, सर तुम्ही रिटायर कधी होताय. हसू नकोस, पीएचडीवाल्यांच्या कितीतरी घोटाळ्यांचं मूळ तिथं असतं, तुझ्या कागदावरची ती तिसरी तारीख. फेलोशिप घेत असशील, सारथीची असो नाहीतर आणखी कुठली, तर सरपंचाचं मानधन त्यासोबत चालतं का हे लेखी विचारून लेखी उत्तर घे. दुसऱ्या कुणी तक्रार करायच्या आधी.

तुला गावातले लोक यशवंतरावांचं उदाहरण देतात म्हणे. देऊ देत. पण नीट बघ, यशवंतराव आधी तुरुंगवास भोगून आले, मग मॅट्रिक झाले, वकिलीची परीक्षा पास व्हायला १९४१ उजाडलं. शिक्षणात खंड पडत गेला, चळवळ कधी पुढं कधी शिक्षण पुढं. दोन्ही एकाच दिवशी डोक्यावर घेऊन पळाले नाहीत ते. आणि घरात विठाई होत्या, थोरले भाऊ होते. ज्यांची उदाहरणं देतात त्यांच्या घरात चूल कुणी पेटवली हे भाषणात कधी येत नाही.

तुझ्या घरात कोण आहे? मिस्टर तुझ्या पत्रात एका ओळीत संपलेत, "हे म्हणतात तुला जे योग्य वाटेल ते कर". ऐकायला छान वाक्य आहे, पण त्यात त्यांनी स्वतःकडं काहीच घेतलेलं नाही. त्यांच्याकडं दोन गोष्टी माग, मोघम नको, नेमक्या: शनिवारची लग्नं त्यांची, आणि रविवारी सकाळी सात ते एक पोराला ते बघणार, तू वरच्या खोलीत. सासूबाई मात्र मला फार आवडल्या. तूच लिहिलंयस, घरात सगळे राजीनाम्यावर बोलत होते तेव्हा आत्या मधेच म्हणाल्या, "तुजा पेपर कदी हाय?" पेपर नसतो पीएचडीला, पण प्रश्न त्या एकट्यांनी विचारला. त्यांना घेऊन एकदा कोल्हापूरला जा. अंबाबाईचं दर्शन होईल आणि विद्यापीठ बघतील, सून नक्की कुठं जाते ते एकदा डोळ्यांनी बघितलं की घरातली अर्धी लढाई त्याच लढतात.

राजीनाम्याबद्दल. तुला वाटतंय की तो दिला म्हणजे मोकळी झालीस. पंचायत समितीच्या सभापतींकडं राजीनामा जाईल, पोटनिवडणूक लागेल, पण जागा राखीवच राहील. मग घरचे कुणाला उभं करतील? मला वाटतं जावेला. ती किती शिकलीय, तिला विचारलंय का कुणी? सही तिची, कारभार तोच. तरीही तू आजारी पडत असशील, किंवा मनातनं ही खुर्ची तुला कधीच नको होती, घरच्यांनी बसवलं म्हणून बसलीस, तर जरूर दे, त्यात कमीपणा काही नाही. पण मग कारण म्हणून पीएचडी सांगू नकोस, लोक पुढच्या प्रत्येक शिकलेल्या पोरीला म्हणतील की शिकलेल्या बायका टिकत नाहीत.

अशीच आणखी तीन-चार पत्रं आलीत म्हणून त्यांच्यासाठी दोन शब्द, कारण सगळ्यांना एकच औषध चालत नाही. विट्याजवळचा एक सदस्य बीएड करतोय, त्याला मी वेगळं सांगेन: बीएडला ८० टक्के हजेरी आणि शाळेतल्या इंटर्नशिपला ९० टक्के लागते, तिथं फळ्यावर वार लिहून भागत नाही, पण तू सदस्य आहेस सरपंच नाहीस, महिन्यातनं एक सभा जमव आणि वॉर्डातली बाकी कामं सुट्टीत कर. चाळिशीतल्या एक सदस्या आहेत, मुक्त विद्यापीठातनं बीए करायचंय पण लोक हसतील म्हणतात. हसतील, दोन महिने. संपर्कसत्रं बहुतेक रविवारी असतात, प्रवेश घ्या. आणि एमपीएससी करणाऱ्या पोरांनी एवढं लक्षात ठेवा की सरकारी नोकरी लागली की पद सोडावंच लागतं, तेव्हा उभं राहतानाच पॅनेलला आणि घरच्यांना तसं सांगून उभं राहा.

आता तुझ्याकडं परत. हे सगळं एकदम करू नकोस, जमणार नाही. पहिलं काम डोंगल. उद्या कार्यालयात जा, ऑपरेटरला शांतपणे सांग, तो पोरगा बिचारा सांगितलं ते करत होता, त्याच्यावर ओरडू नकोस. डोंगल घे, चिकटपट्टी काढून टाक, पिन बदलून घे. मग ग्रामपंचायत अधिकाऱ्यांसोबत बसून मागच्या सहा महिन्यांत कुठली कुठली पेमेंट झाली त्याची यादी काढ आणि प्रत्येकासमोर ठराव नंबर आहे का बघ. तुझ्या सहीनं काय काय झालंय ते तुलाच माहीत नसणार, असा माझा अंदाज आहे. यादीत काही वेडंवाकडं दिसलं तर गप्प बसू नकोस, लगेच मासिक सभेत इतिवृत्तात घे.

भाऊजींना काय सांगायचं ते तू विचारलंयस, भांडण नको म्हणून. भांडण कशाला? जेवायला बसलेत तेव्हा सांग: भाऊजी, तुम्हाला एवढी आवड आहे तर पुढच्या वेळेला उभं राहा, मी प्रचाराला येते. तोपर्यंत पाइपलाइनचं खोदाईचं काम नीट होतंय का तेवढं बघा आणि रोज संध्याकाळी मला सांगा. काम त्यांना मिळालं, सही तुझ्याकडं राहिली. फुगतील चार दिवस.

सल्लागार समितीची पुढची बैठक झाली की कळव, सर काय म्हणाले ते. आणि आत्या कोल्हापूरला आल्या का तेही.